वाचकांचे प्रश्न : पाऊस मोजणारे, पक्षी मोजणारे

गेल्या अंकात या सदरात नागरिक-विज्ञानाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. शास्त्रज्ञ नसलेल्या माणसांनी पाहायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं आणि ते संशोधनाच्या कामी यायचं, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर पत्रांचा ढीग आला, म्हणून संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं. मी जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. उत्तरांत थोडी मास्तरकी डोकावणारच, ती सोसून घ्या.

प्रश्न : ताई, मी बँकेतून निवृत्त झालो. पावसाळ्यात अंगणात डबा ठेवून रोज किती पाणी साठलं ते डायरीत लिहायची माझी जुनी सवय. डायऱ्या १९९१ पासूनच्या आहेत. पुतण्या म्हणतो, "काका, हवामान खात्याचं सगळं मोबाइलवर येतं, ही रद्दी कशाला सांभाळता?" खरंच रद्दी आहे का हो? (सांगली)

उत्तर : रद्दीवाल्याला बोलावण्याआधी पुतण्याला हे वाचायला द्या.

मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये सगळे घरात कोंडलेले असताना रेडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी लोकांना हाक दिली. तिथल्या हवामान खात्याच्या दप्तरात पावसाचे सुमारे ६५,००० हस्तलिखित तक्ते पडून होते, १६७७ पासून १९६० पर्यंतचे. त्यांची छायाचित्रं घेऊन झाली होती, पण पुसट शाई आणि वळणावळणाचं अक्षर यंत्राला धड लागत नव्हतं. साधारण १६,००० माणसांनी घरबसल्या ते आकडे वाचून संगणकात भरले. सोळा दिवसांत ५२ लाख नोंदी झाल्या. त्यामुळे ब्रिटनच्या पावसाचा अधिकृत इतिहास १८३६ पर्यंत मागे नेता आला, आणि १८५५ हे त्या मालिकेतलं सगळ्यांत कोरडं वर्ष ठरलं.

हे तक्ते मुळात लिहिले कुणी? बरेचसे तुमच्यासारख्यांनीच. जॉर्ज सायमन्स नावाच्या गृहस्थाने १८६० पासून ज्यांच्या घरी पर्जन्यमापक आहे अशा लोकांकडून आकडे गोळा करायला सुरुवात केली. पाद्री, डॉक्टर, शाळामास्तर, जमीनदार असे सगळ्या थरांतले लोक त्यात होते. १९०० मध्ये सायमन्स वारला तेव्हा तीन हजारांवर ठिकाणांहून नोंदी येत होत्या. नॉरफोकच्या लेडी बेनिंग तर लंडनला मुक्कामाला जाताना पर्जन्यमापक बरोबर घेऊन जात! हौस म्हणून छान, पण माझ्यासारखीला घाम फुटतो, कारण जागा बदलली की मालिका तुटते. मापक हलवल्याचं कुठेतरी लिहिलेलं राहिलं, म्हणून निदान कळतं तरी.

तेव्हा तुमच्या डायऱ्यांचं मोल आकड्यांच्या शेजारी काय लिहिलंय त्यावर ठरेल. डबा सरळ उभ्या कडांचा आहे ना? वर रुंद आणि खाली निमुळती बादली असेल तर पट्टीचं माप फसवं. डब्याच्या तोंडाचा व्यास लिहा. डबा कधी बदलला, अंगणातून गच्चीवर कधी नेला, शेजाऱ्यांचा आंबा वाढून फांदी डब्यावर कधी आली, जे आठवेल ते लिहा. हवामान खातं सकाळी ८.३० ला आधीच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतं आणि तो त्या दिवसाच्या तारखेवर टाकतं. तुम्ही सातला बघत असाल तर काही बिघडत नाही, मात्र रोज सातच, आणि तसं पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता खरी गोम. कोरड्या दिवशी तुम्ही काय लिहिलंत? शून्य, की जागा रिकामी? रिकाम्या जागेचा अर्थ पाऊस नव्हता असा होतो, तुम्ही लग्नाला पुण्याला गेला होतात असाही होतो आणि त्या दिवशी कंटाळा आला असाही होतो. तीस वर्षांनी वही वाचणाऱ्याला यातलं नेमकं काय ते कळायला मार्ग नाही. शून्य लिहिलं असेल तर तो दिवस कोरडा गेल्याचा पुरावा झाला. मोजमापातली निम्मी माहिती या शून्यात असते, असं मी वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगत असे. पोरांना पटायचं नाही.

आणि मोबाइलवर सगळं येतं म्हणाल, तर वळीव कसा पडतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. गावभागात धो धो आणि विश्रामबागेत रस्ता कोरडा. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्स शहरात जुलै १९९७ मध्ये असाच प्रकार झाला. शहराच्या एका बाजूला फूटभराहून जास्त पाऊस, दुसऱ्या बाजूला त्याच्या कितीतरी कमी, आणि अचानक पूर आला. मोजकी सरकारी यंत्रं हे पकडू शकली नाहीत. त्यातून १९९८ मध्ये अंगणात पर्जन्यमापक लावणाऱ्या लोकांचं जाळं उभं राहिलं आणि आज ते अमेरिकाभर पसरलंय.

पहिलं काम एकच करा. डायऱ्यांच्या पानांचे नीट फोटो काढून घ्या. ते पुतण्याला लावा.

प्रश्न : मी नववीत आहे. आमचे सर म्हणाले की नागरिक-विज्ञान इंटरनेट आल्यावर सुरू झालं. त्याआधी काहीच नव्हतं का? (रत्नागिरी)

उत्तर : तुझे सर अर्धे बरोबर आहेत. इंटरनेटमुळे ते फोफावलं. सुरुवात मात्र फार जुनी.

धूमकेतूमुळे तुला माहीत असलेला एडमंड हॅले. ३ मे १७१५ ला इंग्लंडवरून खग्रास सूर्यग्रहणाची सावली जाणार होती. हॅलेने सावलीचा मार्ग दाखवणारा नकाशा आधीच छापून वाटला आणि लोकांना विनंती केली, की आपापल्या गावात काळोख किती वेळ टिकतो तेवढं घड्याळावर मोजून कळवा. गावोगावच्या उत्तरांवरून सावलीची कड नेमकी कुठून गेली ते त्याला दुरुस्त करता आलं. त्याच्या गणिताची वेळ सुमारे चार मिनिटांनी चुकली होती, आणि त्या काळाच्या मानाने ते फारच जवळचं होतं.

दुसरी गोष्ट तुझ्या रत्नागिरीला जवळची. उधाणाची भरती आणि भांगाची भरती तुला घरात कुणीही समजावून सांगेल. पण तीच लाट एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत कशी सरकते? केंब्रिजच्या विल्यम व्हीवेलने जून १८३५ मध्ये ते शोधायचं ठरवलं. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर, नऊ देशांत, साडेसहाशेहून जास्त ठिकाणी पंधरा दिवस पाण्याची पातळी मोजली गेली. मोजणारे कोण? गोदीतले कर्मचारी, तटरक्षक, खलाशी, किनाऱ्यावरचे रहिवासी. बरेच जण रात्री-अपरात्री दर पंधरा मिनिटांनी काठीवरची खूण वाचत उभे. या कामाबद्दल व्हीवेलला १८३७ मध्ये रॉयल सोसायटीचं पदक मिळालं. मोजणाऱ्यांना तो 'हाताखालचे मजूर' म्हणायचा. मला हे वाक्य वाचलं की राग येतो. तो अजून गेलेला नाही.

आणि तिसरी, १९०० सालच्या नाताळची. अमेरिकेत तेव्हा नाताळच्या दिवशी गट पाडून शिकारीला जायची रीत होती, जास्त पक्षी-प्राणी मारेल तो गट जिंकला. फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाने सुचवलं, मारण्याऐवजी मोजा. पहिल्या वर्षी २७ जण निघाले. ती मोजणी आजतागायत दरवर्षी होते. पक्ष्यांची इतकी लांब सलग मालिका दुसरी सापडणं कठीण.

सरांना हे दाखव, पण वर्गात सगळ्यांसमोर नको.

प्रश्न : मी प्राणिशास्त्र शिकवतो. माझी शंका सरळ आहे. हौशी माणूस ससाण्याला घार म्हणणार, घारीला गरुड. असल्या कच्च्या मालावर पक्कं विज्ञान कसं उभं राहतं? (नाशिक)

उत्तर : सर, तुमची शंका रास्त आहे. माणसं चुकतात, आणि जाणकारही चुकतात. चूक कशी चुकते ते कळलं की ती वजा करता येते. यातलं माझं आवडतं उदाहरण आकाशातलं आहे.

जुलै २००७ मध्ये 'गॅलॅक्सी झू' सुरू झालं. सुमारे नऊ लाख दीर्घिकांचे (म्हणजे गॅलॅक्सींचे, ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचे) फोटो लोकांसमोर ठेवले : ही गोल आहे की चक्राकार, आणि चक्राकार असेल तर फिरकी कुठल्या दिशेची? वर्षभरात दीड लाखाच्या आसपास लोकांनी पाच कोटींवर उत्तरं दिली. एकेका दीर्घिकेवर अनेकांचा कौल पडला, त्यामुळे एखाद्याची चूक आपोआप बुडून गेली. पण एक भलतंच पुढे आलं. घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या दीर्घिका जास्त भरत होत्या. विश्वाला एखादी दिशा प्रिय आहे की काय! तेव्हा शास्त्रज्ञांनी काही फोटो आरशात बघावेत तसे उलटे करून पुन्हा लोकांना दिले. विश्व खरंच एका बाजूला झुकलेलं असतं तर आता दुसरी दिशा जास्त भरायला हवी होती. झालं उलटंच. उलट्या फोटोंतही घड्याळाच्या उलट फिरणाऱ्याच जास्त दिसल्या. झुकाव आपल्या डोळ्या-मेंदूतला निघाला, आणि किती ते मोजून तो वजा केला गेला. सांगा, एकच तज्ज्ञ बसवला असता तर हे कधी सापडलं असतं?

पक्ष्यांचं म्हणाल, तर आमच्या रंकाळ्यावर या. फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षीगणना असते तेव्हा आम्ही काठावर पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून यादी करतो. यादी अशी दिसते : वारकरी ४०, हळदीकुंकू बदक ६, पाणकावळे ११, वंचक ३, साळुंक्या ९, कावळे १४, घार १. नवखा माणूस हमखास विचारतो, "कावळे कशाला लिहायचे?" उत्तर ॲपच्या शेवटच्या प्रश्नात आहे. यादी पाठवताना 'ईबर्ड' विचारतं, की ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत ना? 'हो' म्हटलं की त्या यादीत जे नाही, तेही माहिती होतं. शंभर पूर्ण याद्यांपैकी चाळिसांत चिमणी आहे, आणि काही वर्षांनी त्याच भागातल्या शंभरांपैकी पंचविसांतच आहे, तर काहीतरी घडलंय. लोकांनी फक्त दुर्मीळ पक्षी मिरवले असते, तर चिमणीची काहीच खबर लागली नसती.

याच हिशेबावर 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल निघतो. २०२३ च्या अहवालात सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींतून ९४२ जातींचा ताळेबंद मांडलाय. त्याआधीच्या, २०२० च्या अहवालातली एक गोष्ट आमच्याकडच्या चहाच्या टपरीवर कुणालाच पटली नव्हती : चिमणी देशभर मिळून साधारण टिकून आहे, घटली ती मुंबईसारख्या महानगरांत. तुमची ससाणा-घारीची अडचण खरी आहे, आणि त्यासाठी प्रत्येक भागात जाणते स्वयंसेवक आहेत. जागा-ऋतूला न शोभणारी नोंद त्यांच्याकडे जाते आणि ते "फोटो आहे का?" विचारतात. तुमच्यासारख्यांनी तिकडे यायला हवं खरं तर.

प्रश्न : यात पैसे मिळतात का? (बार्शी)

उत्तर : नाही. कधीमधी शोधनिबंधात नाव लागतं. 'फोल्डइट' नावाचा प्रथिनांच्या घड्या सोडवण्याचा खेळ आहे. त्याच्या खेळाडूंनी २०११ मध्ये माकडांमध्ये एड्ससारखा रोग घडवणाऱ्या विषाणूतल्या एका विकराची (एन्झाइमची) रचना तीन आठवड्यांत उलगडायला मदत केली. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं तिथे अडले होते. निबंधाच्या लेखकांत खेळाडूंचे गट आहेत. व्हीवेलच्या मानाने एवढी प्रगती म्हणायची.

प्रश्न : आमच्या बागेमागच्या कड्यात खवले मांजराचं बीळ आहे. फोटो आणि ठिकाण ॲपवर टाकू का? (चिपळूण परिसर)

उत्तर : ठिकाण कुणालाही सांगू नका. व्हॉट्सॲपवर तर अजिबात नाही. खवल्यांच्या तस्करीसाठी हा प्राणी मारला जातो, आणि कोकणात गावोगावी लोकांनी त्याला जीव लावलाय म्हणून तो उरलाय. 'आयनॅचरलिस्ट' हे निसर्गनोंदींचं ॲप धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण आपणहून धूसर करतं हे खरं. तरी फोटोच्या कडेला दिसणारं देऊळ किंवा पाण्याची टाकी गाव सांगून टाकते. नोंद वहीत ठेवा आणि विश्वासातल्या वनाधिकाऱ्याला तोंडी सांगा.

प्रश्न : आता फोनने आवाज ऐकवला तरी पक्षी कळतो, फोटो दाखवला की फुलपाखरू. कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर तुमच्या या हौशी लोकांचं काय काम उरणार? (पिंपरी-चिंचवड)

उत्तर : ती बुद्धिमत्ता शिकली कुठे? लोकांनी काढलेल्या आणि लोकांनीच नावं दिलेल्या लाखो फोटोंवर. जिथे फोटो भरपूर, तिथे यंत्र हुशार. जिथे कुणी गेलंच नाही, तिथे ते आत्मविश्वासाने काहीतरी ठोकून देतं. मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यांवर वाकून समुद्री गोगलगायी, खेकडे, प्रवाळ टिपतात. हाजी अलीपाशी एवढं काही जगतं हे कित्येक मुंबईकरांना त्यांच्यामुळे कळलं. तशी माणसं गुहागरला, देवगडला, काणकोणला किनाऱ्यावर उतरल्याशिवाय तिथलं यंत्राला कळणार कसं?

मला धास्ती वेगळीच वाटते. यंत्र नाव सुचवतं, माणूस न बघता 'हो' दाबतो, आणखी एक जण तसंच दाबतो, आणि ती नोंद पक्की होऊन पुन्हा यंत्राच्या अभ्यासाला जाते. असं चक्र फिरू लागलं की चूकच पाठ्यपुस्तक होते. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. फोन त्या दुसऱ्या पक्ष्याचं नाव दाखवणार, आणि तो पक्षी त्या रानात नसेलही. मान वर करून झाडावर पाहिलंत तरच उलगडा होईल.

शिवाय यंत्र विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. गॅलॅक्सी झूवर २००७ मध्येच हॅनी फान आर्केल ही नेदरलँड्समधली शाळेतली शिक्षिका दीर्घिका ओळखत बसली होती. एका फोटोत दीर्घिकेखाली निळसर डाग दिसला. गोल की चक्राकार एवढंच सांगायचं होतं, पण तिने विचारलं, "हे काय आहे?" तो दीर्घिकेएवढा वायूचा ढग निघाला. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून पूर्वी निघालेल्या प्रखर प्रकाशाने तो उजळलाय, आणि ते केंद्र आता मंद झालंय. आपल्याकडे जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ-दुर्बिणीच्या तीस अजस्र तबकड्या आहेत. तिथून आलेली रेडिओ-चित्रं वाचायला २०१३ पासून 'रॅड ॲट होम' हा उपक्रम विद्यार्थ्यांना आणि पदवीधरांना शिकवतो, आणि शोध असतो तो अशाच वेड्यावाकड्या, चौकटीत न बसणाऱ्या आकारांचा. इंजिनियर आहात असं पत्रावरून वाटतं. करून बघा.

प्रश्न : आमच्या ओढ्यात वरच्या अंगाने मळीसारखं काळं पाणी येतं आणि दुसऱ्या दिवशी मासे पोटं वर करून तरंगतात. तक्रार केली की तपासणीला माणूस येईपर्यंत पाणी स्वच्छ झालेलं असतं. आम्ही गावकऱ्यांनी मोजलेलं कुणी मानेल का? (पश्चिम महाराष्ट्र, गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही)

उत्तर : मानायला लावता येतं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला. नळाला तांबूस पाणी येऊ लागलं, लोक बाटल्या घेऊन सभेत गेले, आणि पाणी सुरक्षित असल्याचं त्यांना सांगण्यात आलं. ऑगस्ट २०१५ मध्ये रहिवाशांनी व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या चमूबरोबर घराघरांत बाटल्यांचे संच वाटले. नळ किमान सहा तास बंद ठेवायचा, मग पहिली बाटली भरायची, पाऊण मिनिट पाणी सोडून दुसरी, आणखी दोन मिनिटांनी तिसरी. दोनशेहून जास्त घरांतून नमुने परत आले आणि त्यांत शिसं सापडलं. ऑक्टोबरमध्ये शहराला जुन्या स्रोतावर परत जावं लागलं. सगळ्यांनी एकाच पद्धतीने पाणी घेतलं होतं, म्हणून तो पुरावा खोडून काढणं अवघड गेलं.

तुमच्याकडचे मासे बहुधा पाण्यातला प्राणवायू संपून मरत असावेत. मळीतलं सेंद्रिय द्रव्य कुजवणारे जीवाणू तो फस्त करतात. पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यांत कमी असतो, म्हणून नमुना पहाटे घ्या. ज्या जागेचा संशय आहे तिच्या वर एक आणि खाली एक, अशा दोन कायमच्या जागा ठरवा. जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाला गाठा. पाण्यातला प्राणवायू मोजायची विंकलर चाचणी बी. एस्सी.ची पोरं करतात. काचेची बाटली बुडबुडा न ठेवता भरायची आणि त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड काठावरच घालायचं. साका तपकिरी बसला तर प्राणवायू आहे, पांढरा बसला तर जवळजवळ नाहीच. हे डोळ्यांना दिसतं, सरपंचांना दाखवता येतं. नेमका आकडा मग प्रयोगशाळेत काढा. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय निकषात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम धरलेत.

पाणी स्वच्छ असतानाही मोजा. आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, काळं पाणी येवो न येवो. घटनेच्या दिवशीचा एकटा आकडा योगायोग म्हणून उडवून लावता येतो. आधीचे-नंतरचे चांगले आकडे हाताशी असले की तसं करता येत नाही. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, मोजणाऱ्याचं नाव, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि बाटलीसकट जागेचा फोटो.

आणखी एक. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही. या नोंदवह्यांच्या कल्पनेमागे पुण्याच्या माधव गाडगीळांनी मोठी शक्ती लावली, पण काही ठिकाणी त्या घाईघाईने भरून कपाटात गेल्या. तुमची बाहेर काढा. मरळ, वाम, झिंगे कुठल्या डोहात मिळायचे हे त्यात नसेल, तर ओढ्यावर मासेमारी करणाऱ्या जुन्या माणसांना विचारून, ग्रामसभेत वाचून दाखवून ते लिहा.

तक्रारीचा अर्ज एवढं हातात आल्यावर करा. सोबत नोंदींच्या छायाप्रती जोडा आणि पोच घ्या. मूळ वही मात्र कुणी कितीही मागितली तरी देऊ नका.